वारा विकणे आहे

चौदाव्या शतकाचा मध्य. आयल ऑफ मॅनच्या दक्षिणेकडचं कॅसलटाउन. तुमचं गलबत धक्क्याला लागलं आहे आणि वारा पडला आहे. शीड डोलकाठीला चिकटून लोंबतंय, तांडेल सकाळपासून आकाशाला शिव्या घालतोय, पिंपांतल्या खारवलेल्या हेरिंगचा वास आता सोसवत नाही. मागे रशेन किल्ल्याच्या राखाडी भिंती, पुढे सपाट पाणी. पाण्यापलीकडे इंग्लंड. तिथे माल वेळेवर उतरला नाही तर तुमचं दिवाळं वाजणार.

तुम्ही चढावरच्या एका घराकडे निघता. वाट कुणाला विचारावी लागत नाही, खलाशांच्या पायाखालचीच आहे. दारात बसलेली बाई तुमच्याकडे न बघताच पैशांसाठी हात पुढे करते आणि मग तुमच्या तळव्यावर एक दोरा ठेवते. दोऱ्याला तीन गाठी. गाठींत वारा आहे, ती सांगते. जेवढा हवा तेवढ्या सोड.

हे मनचं रचलेलं नाही. चेस्टरच्या मठात बसून जगाचा इतिहास लिहिणारा रॅनल्फ हिग्डन 1364 साली वारला. मॅन बेटावरच्या बायका खलाशांना तीन गाठींत कोंडलेला वारा विकतात, असं तो नोंदवून गेला आहे. पुढे 1555 साली ओलाउस मॅग्नस या परागंदा स्वीडिश आर्चबिशपने रोममध्ये छापलेल्या ग्रंथात उत्तरेकडच्या लोकांबद्दल हाच व्यवहार अधिक तपशिलात आला. पहिली गाठ सोडली की बेताचा वारा, दुसरी सोडली की जोराचा, तिसरी सोडली की तुफान.

समुद्रात शिरल्यावर तुम्ही पहिली गाठ सोडायला घेता. बोटं गारठलेली, दोरा खाऱ्या पाण्याने फुगलेला, नखं आत शिरत नाहीत. शेवटी सुटते. शीड हलतं, निदान हलल्यासारखं वाटतं. दुसरी सोडता. तिसरीवर अंगठा ठेवून थांबता. या धंद्यातली अक्कल इथे दिसते. वारा आला तर गाठीची किमया, नाही आला तर तुम्ही हात आखडता घेतलात, आणि तुफान आलं तर हाव तुमची. तक्रार घेऊन परत यायला गिऱ्हाईकच उरत नाही! तरीही बाईने फसवलं असं मला म्हणवत नाही. गाठ तिने मारली, पण सोडायचं काम तुमच्याकडे ठेवलं. वाऱ्यापुढे हतबल बसलेल्या माणसाच्या हाताला तिने काम दिलं. पैसे तुम्ही त्याचेच मोजलेत, असं मी म्हणेन.

आता लांब उडी मारा. ऑगस्ट 1814, ऑर्कनी बेटांवरचं स्ट्रॉमनेस. दीपगृहांच्या पाहणीला निघालेल्या जहाजावरून एक किंचित लंगडणारा वकील उतरला आहे आणि त्याच्यामागे तुम्हीही टेकडी चढताय. त्याचं नाव वॉल्टर स्कॉट. महिन्याभरापूर्वीच त्याची पहिली कादंबरी निनावी छापून आली आहे. वर झोपडीत बेसी मिली, वय शंभरीला टेकलेलं, नाक आणि हनुवटी एकमेकांना भिडू पाहणारी. सहा पेन्स दिलेत तर ती किटली उकळत ठेवते आणि तुमच्या जहाजाला अनुकूल वारा मिळावा म्हणून प्रार्थना करते. दोरा नाही, गाठ नाही. आपण कुठलीही निषिद्ध विद्या करत नाही हे ती आवर्जून सांगते. सांगणारच! 1735 च्या कायद्याने चेटकिणींना मरणाची शिक्षा देणं थांबलं होतं, पण आपल्या अंगी शक्ती आहे असा नुसता दावा केला तरी वर्षभराची कैद होती.

दोरी पुन्हा भेटते ती 1878 मध्ये. सॉमरसेट परगण्यातल्या वेलिंग्टन गावी एक जुनं घर पाडलं जातंय. छपराखालच्या बंद जागेत मजुरांना सहा झाडू, एक जुनी खुर्ची आणि सुमारे पाच फुटांची, पिसं गुंफलेली दोरी सापडते. मजूर बघताबघता अर्थ लावून मोकळे होतात. झाडू चेटकिणींनी उडायचे, खुर्ची त्यांनी टेकायची, दोरी छपरावर चढायची शिडी. 1887 मध्ये मँचेस्टरमधल्या एका सभेत तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात आणि ई. बी. टायलर हे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ ती दोरी उंचावून दाखवताहेत. तेवढ्यात श्रोत्यांतून कुणी म्हणतं, ही तर हरणं हुसकायची दोरी! टायलर सावध होतात. लोक मात्र होत नाहीत. काही वर्षांत ती 'चेटकीण-शिडी' कादंबरीत शिरते, आणि आज विक्का या आधुनिक चेटूक-पंथाचे लोक पिसं आणि गाठी गुंफून तशा शिड्या मनोभावे करतात. मूळ दोरी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियममध्ये आहे. ती कशासाठी केली होती, यावर अजून एकमत नाही.

आता 1953 चा उन्हाळा, दक्षिण इंग्लंडमधलं क्राइस्टचर्च. 1735 चा कायदा रद्द होऊन दोनच वर्षं झाली आहेत. घर साधंसुधं, मध्यमवर्गीय. आत मलायात जकात खात्यात नोकरी करून 1936 साली निवृत्त झालेले, विक्का पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर आहेत. त्यांना उद्या स्टोनहेंजला एका विधीसाठी जायचंय, म्हणून सोबत तलवारही आहे. याच दिवसांत या घरात डोरीन व्हॅलिएंटे नावाची एकतीस वर्षांची बाई दीक्षा घेते. पुढे विक्काच्या मंत्रपाठांना भाषेचं वजन तिनेच दिलं.

त्या खोलीतलं सगळंच बाहेर आलेलं नाही. पण दीक्षाविधी पुढे छापले गेले, तेव्हा त्यांवरून तुम्हीच तिच्या जागी उभे राहा. डोळ्यांवर पट्टी. अंगावर कपडे नाहीत, गार्डनरांच्या पंथाची तशी रीत आहे (ते स्वतः नग्नतावादी क्लबात रमणारे, त्यामुळे ही रीत किती प्राचीन हे तुम्हीच ठरवा). हात पाठीमागे दोरीने बांधलेले. एका घोट्याला दुसरी दोरी, पाय ना बांधलेले ना मोकळे. मग कुणीतरी डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरून तुमची उंची मोजतं आणि दोरा तिथेच कापतं. तोच दोरा कपाळाभोवती फिरतो, तिथे गाठ. छातीभोवती, गाठ. कमरेभोवती, गाठ. दोरा गुंडाळला जातो आणि तुम्ही, म्हणजे तुमचं माप, दुसऱ्याच्या मुठीत जाता. शपथ मोडलीत तर ते माप त्यांच्याकडे आहे, हा त्यातला धाक. काही मंडळं आजही माप ठेवून घेतात, काही विश्वासाची खूण म्हणून परत देतात. मला परत देणारी मंडळं शहाणी वाटतात.

ही रीत अश्मयुगापासून गुप्तपणे चालत आली, असं गार्डनर सांगत. इतिहासकारांना ते मान्य नाही. रोनाल्ड हटन यांनी 1999 च्या आपल्या ग्रंथात विक्काची घडण विसाव्या शतकातली असल्याचं सविस्तर दाखवलं. पण दोरी नवी असली तरी गाठ जुनी आहे. फरक इतकाच की मॅनच्या बाईने गाठीत समुद्रावरचा वारा कोंडला, आणि विक्काने माणसाची इच्छा, नातं, राग.

शेवटचा मुक्काम 1986. तुमच्या हातात विक्का पंथातल्या रेमंड बकलंड यांचं निळ्या वेष्टनाचं जाडजूड पुस्तक आणि एक दोरी आहे. नऊ गाठी मारायच्या, पण ओळीने नाही. पहिली एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला, तिसरी मधोमध. चौथी आणि पाचवी दोन्ही अर्ध्यांच्या मध्यावर. उरलेल्या चार फटींत सहावी ते नववी. प्रत्येक गाठ आवळताना मनातली एकच गोष्ट तिच्यात घालायची. सोडताना रोज एकच, नऊ दिवस, आणि ज्या क्रमाने मारल्या त्याच क्रमाने. उलट्या क्रमाने नव्हे.

हल्ली नातं तुटलं की दोरी सरळ सुरीने कापून जाळायची, असाही विधी बराच लोकप्रिय आहे. पाच मिनिटांत मोकळं. मला नऊ दिवसांची चिवट पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. आठव्या दिवशी कंटाळा येतो. ज्याच्यासाठी गाठ मारली त्याचाच कंटाळा येऊ लागला, तर विधी लागू पडला म्हणायचा.

करून बघायचंच असेल तर दोरी सुती घ्या. नायलॉनची जाळायला गेलात तर वितळून बोटांना चिकटेल. आणि निरगाठ मारू नका, नवव्या दिवशी नखं तुटतील आणि शेवटी कात्रीच आणावी लागेल.