'पॉझिट' आणि 'प्रपोज': दिसायला भावंडं

शोधनिबंधात एखादं कारण सुचवायचं, पण ते अजून सिद्ध झालेलं नाही, अशा वेळी इंग्रजीत 'पॉझिट' हे क्रियापद येतं. गृहीत म्हणून मांडायचं आणि पुढचा युक्तिवाद त्यावर रचायचा. त्याची वंशावळ सरळ आहे: लॅटिन 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, त्याचं कृदन्त 'पोझितुस', आणि सतराव्या शतकात विद्वानांनी ते इंग्रजीत आणलं.

'प्रपोज' आणि आपल्याही तोंडी बसलेलं 'सपोज' ही त्याची सख्खी भावंडं वाटतात. पण ती आली फ्रेंच 'पोझे'तून, ते उत्तरकालीन लॅटिन 'पाउसारे'तून, आणि ते ग्रीकमधून. अर्थ थांबणे, विसावणे. म्हणजे 'प्रपोज'चं रक्ताचं नातं 'पॉज'शी! 'प्रपोझिशन' हे नाम मात्र अस्सल 'पोनेरे'चं. क्रियापद एका घराण्याचं, नाम दुसऱ्याचं.

ही सरमिसळ झाली कशी? नेहमीचं उत्तर उच्चारसाम्याचं: 'आउ'चा 'ओ' झाला आणि 'पाउसारे' 'पोझितुस'च्या जवळ सरकलं. अर्थही जुळत होता. प्राचीन ख्रिस्ती थडग्यांवर मृत माणूस 'पाउसात', म्हणजे विसावलेला असतो आणि दफनाला म्हणतात 'देपोझितियो', ठेवणं. हे सगळं मान्य. पण मग इटालियनमध्ये 'पोझारे' असूनही सुचवण्याला 'प्रोपोर्रे' का? स्पॅनिशमध्ये 'प्रोपोनेर' का? तिथे 'पोनेरे' टिकलं, फ्रेंचमध्ये मात्र हरलं.

माझ्या मते दोष कोंबडीचा. फ्रेंचमध्ये 'पोनेरे'चं 'पाँद्र' झालं आणि त्याचा अर्थ उरला अंडी घालणे. ठेवण्या-मांडण्याच्या कामाला 'पोनेरे'चं क्रियापद उरलं नाही. ती जागा 'पोझे'नं घेतली. कुणी म्हणेल, उलट 'पोझे'नंच 'पाँद्र'ला खुराड्यात ढकललं. मला ते पटत नाही, कारण अंड्यांचा अर्थ फार जुना आहे. रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फोसेस'च्या आठव्या सर्गात तितराची मादी कुंपणात अंडी घालते, तिथे क्रियापद 'पोनेरे'च आहे. 'पाउसारे' शिरजोर होण्याच्या कितीतरी आधीचं हे काव्य.

इंग्रजीनं 'पोझ' फ्रेंचांकडून घेतलं, ते प्रश्न टाकण्यात रमलं. तर्कशास्त्र्यांना निव्वळ 'ठेवणं' हवं होतं. म्हणूनच ते फ्रेंचांना वगळून थेट लॅटिनकडे गेले असणार.