लाइफ जॅकेट, हेल्मेट, हातमोजे: धोक्याच्या कामात जीव नेमका कशामुळे वाचतो?

२७ जुलै २००५. आदल्याच दिवशी मुंबई पावसात बुडाली होती. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर दूर, अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटांना जखम झाली. उपचारांसाठी त्याला ‘मुंबई हाय नॉर्थ’ प्लॅटफॉर्मवर हलवायचं होतं. समुद्र खवळलेला होता. जवळ आलेलं जहाज प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म यांना जोडणारा, तेल-वायू वाहून नेणारा उभा पाइप. वायू बाहेर पडला, पेटला आणि साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म खाक झाला. त्या परिसरात असलेल्या ३८४ जणांपैकी ३६२ वाचले, २२ जणांचा जीव गेला.

या दुर्घटनेतले दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. आठपैकी दोनच लाइफबोटी आणि दहापैकी एकच लाइफ राफ्ट पाण्यात उतरवता आली. म्हणजे साधनं होती, पण बहुतेक साधनं ऐन वेळी वापरताच आली नाहीत.

मुंबई हायवर धोका कशाचा असतो?

मुंबई हायचा शोध १९७४ साली लागला. ‘सागर सम्राट’ या जहाजाने इथली पहिली विहीर खोदली आणि १९७६ मध्ये ओएनजीसीने उत्पादन सुरू केलं. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रात लोखंडी पायांवर उभा असलेला कारखाना. त्याच्या पाइपांत प्रचंड दाबाखाली तेल आणि वायू असतो आणि बऱ्याचदा त्याच्या शेजारच्याच भागात कामगार जेवतात, झोपतात. आग लागली तर पळायला रस्ता किंवा मैदान नसतं. पर्याय दोनच, हेलिकॉप्टर किंवा समुद्र.

काही ठिकाणच्या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मंदावते. ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ असं वाटण्याच्या क्षणीच धोका सगळ्यात जास्त असू शकतो. म्हणून तिथे नाकावर नाही, छातीवर अडकवलेल्या गॅस डिटेक्टरवर विश्वास ठेवावा लागतो.

अंगावरच्या साधनांपैकी कोणतं काय करतं?

- आगरोधक कव्हरऑल: पॉलिस्टरचा कपडा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. आगरोधक कापड वितळत नाही आणि ज्वाळा दूर होताच विझतं. त्यामुळे भाजण्याचं प्रमाण कमी होतं आणि पळायला काही सेकंद मिळतात.
- हेल्मेट: आतली पट्ट्यांची जाळी आघाताचा जोर डोक्यावर पसरवते. जाळी सैल असेल किंवा हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल, तर हेल्मेट असून नसल्यासारखं.
- फुल बॉडी हार्नेस: नुसता कमरेचा पट्टा पडताना सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर देतो. हार्नेस तो झटका मांड्या, छाती आणि खांद्यांवर वाटतो.
- श्वसन संच: पाठीवरच्या सिलिंडरमधून स्वच्छ हवा मिळते. साधा कापडी मास्क विषारी वायू अडवत नाही.
- लाइफ जॅकेट: आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार ते इतकं सक्षम हवं, की बेशुद्ध माणूसही पालथा न राहता चेहरा वर करून तरंगेल. त्याला शिट्टी असते आणि किमान आठ तास चालणारा दिवाही असतो.

साधनांइतकंच महत्त्व सरावाला आहे. हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर ते बहुधा उलटतं. अशा वेळी डोकं खाली असताना पट्टा सोडून खिडकीतून कसं बाहेर पडायचं, हे पोहण्याच्या तलावात खोटी केबिन उलटी करून शिकवतात. असं प्रशिक्षण देणाऱ्या ओएनजीसीच्या सागरी सुरक्षा केंद्राचं उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२४ रोजी गोव्यात झालं.

साधन ही पाचवी पायरी

सुरक्षेच्या शास्त्रात धोका टाळण्याच्या पाच पायऱ्या मानतात. पहिली, धोकाच काढून टाकणं. दुसरी, धोकादायक वस्तूऐवजी कमी धोक्याची वापरणं. तिसरी, यंत्र किंवा बांधकामातच अडथळा ठेवणं. चौथी, कामाचे नियम, परवाने आणि प्रशिक्षण. अंगावरची साधनं येतात पाचव्या आणि शेवटच्या पायरीवर, कारण वरच्या चारही पायऱ्या चुकल्या तरच त्यांची परीक्षा होते.

२००५ ची दुर्घटना या चौकटीत बसवून पाहा. धोकादायक रायझर जहाजं जिथे लागतात त्याच बाजूला होते. त्यांच्याभोवती संरक्षक कठडे होते, पण ते लहान जहाजांचा धक्का सोसण्यापुरते. खवळलेल्या समुद्रात मोठं जहाज जवळ आणलं गेलं. पाइप फुटल्यावर हेल्मेट किंवा हातमोजे काय करणार होते?

न पोहोचलेला एक कागद

हीच गोष्ट जगाला १९८८ साली कळली होती. ६ जुलैला उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर तोच पंप सुरू केला गेला. वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसं मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालाने १०६ शिफारशी केल्या. त्यानंतर ‘धोका कोणता आणि तो आटोक्यात कसा ठेवणार, हे कंपनीने आधी सिद्ध करावं’ ही पद्धत ब्रिटनमध्ये रूढ झाली.

भारतात १९८६ पासून तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे. समुद्रातल्या तेल-वायू कामांसाठी स्वतंत्र सुरक्षा नियम आले ते २००८ मध्ये, म्हणजे मुंबई हायच्या आगीनंतर तीन वर्षांनी.

तौक्ते आणि पी-३०५

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं, तेव्हा हवामान खात्याचे इशारे आधीच मिळाले होते. तरीही मुंबई हाय परिसरात कामगारांच्या मुक्कामाची ‘पी-३०५’ ही बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच होती. वादळात नांगर तुटले, बार्ज भरकटली आणि १७ मे रोजी बुडाली. ‘वरप्रदा’ ही टग बोटही बुडाली. तिच्यावर १३ जण होते. दोन्हींवरच्या २७४ जणांपैकी १८८ वाचले, ८६ गेले.

बऱ्याच लाइफ राफ्ट निकामी निघाल्या, असं वाचलेल्या लोकांनी माध्यमांना सांगितलं. अनेक जण लाइफ जॅकेटच्या आधारावर रात्रभर लाटांत तरंगत राहिले आणि ‘आयएनएस कोची’, ‘आयएनएस कोलकाता’सारख्या नौदलाच्या जहाजांनी त्यांना उचललं. इथे शेवटच्या पायरीने खरोखर जीव वाचवले. पण पहिली पायरी, म्हणजे वादळाआधी माणसं किनाऱ्यावर आणणं, पाळली गेली असती तर त्या जॅकेटची गरजच पडली नसती.

हे तुमच्या गावातल्या डीपीपाशीही लागू आहे

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारसारख्या गावात तेलाची विहीर नसते. पण ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची तार शेताशेतांतून गेलेली असते. रब्बीत पिकाला पाणी हवं असतं, फ्यूज उडतो, लाइनमन दुसऱ्या गावात असतो. मग कुणी शेतकरी, किंवा ज्याला ‘झिरो वायरमन’ म्हणतात असा खासगी मदतनीस, काठी घेऊन डीपीपाशी जातो. त्याच्याकडे पाचवी पायरीही नसते आणि वरच्या चारही नसतात.

अधिकृत कामाचा क्रम असा असतो: उपकेंद्राकडून लाइन बंद केल्याचं परमिट घेणं, स्विच उघडून त्याला कुलूप लावणं, तारेत वीज नाही हे टेस्टरने तपासणं, मग डिस्चार्ज रॉडने तार जमिनीला जोडणं. सर्वात शेवटी हातमोजे, हेल्मेट आणि हार्नेस घालून खांबावर चढणं. ‘लाइट गेलेली आहे’ म्हणजे तार मेलेली आहे असं नाही. कुणाच्या जनरेटरमधून किंवा चुकीच्या जोडणीच्या इन्व्हर्टरमधून वीज उलटी येऊ शकते. उपकेंद्रातला माणूस न सांगता लाइन चालू करू शकतो. परमिट आणि कुलूप याच्याचसाठी आहे. पायपर अल्फावर रात्रपाळीला न पोहोचलेला कागद आणि इथलं परमिट, दोन्हींचं काम एकच.

साधन हातात पडल्यावर काय तपासाल?

- हेल्मेटवर आयएस २९२५, सुरक्षा बुटांवर आयएस १५२९८ आणि हार्नेसवर आयएस ३५२१ हे मानक छापलेलं आहे का, ते पाहा.
- विजेच्या कामाच्या रबरी हातमोज्यांवर व्होल्टेजचा वर्ग लिहिलेला असतो. वर्ग ० चे मोजे १,००० व्होल्टपर्यंतच चालतात, ११ केव्हीला नाही. भांडी घासायचे किंवा बागकामाचे मोजे विजेसाठी कधीच नाहीत.
- दर वेळी मोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडा आणि दाबून पाहा. हवा सुटली तर तो मोजा बाद. सुईएवढं छिद्रही जीवघेणं ठरतं.
- एकदा मोठा आघात झेललेलं हेल्मेट आणि पडणाऱ्याला सावरलेला हार्नेस पुन्हा वापरू नका, वरून धड दिसत असला तरी.

आणि काम सुरू करण्याआधी साहेबाला, मुकादमाला किंवा ठेकेदाराला एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ‘लाइन कुणी बंद केली, आणि कुलपाची किल्ली कुणाकडे आहे?’ उत्तर मिळेपर्यंत खांबावर चढू नका.