गावठाणाच्या मोजणीला ड्रोनचे डोळे

शेताला सातबारा असतो, पण गावठाणातील घराला बहुतेक गावांत असा कागदच नव्हता. ब्रिटिश अमदानीतील महसुली मोजणी शेतसाऱ्यासाठी झाली. गावठाणाची बाहेरची हद्द नकाशावर आली आणि आतील घरे, वाडे, परसू तसेच राहिले. ग्रामपंचायतीच्या करआकारणीचा उतारा हा मालकीचा पुरावा ठरत नाही. त्यामुळे घर पिढीजात असूनही बँकेकडे तारण ठेवणे अवघड जाते.

ही उणीव भरून काढण्यासाठी हवाई छायाचित्रणाचा आधार घेण्यात आला. पुणे जिल्ह्यातील सोनोरी (ता. पुरंदर) येथे भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मदतीने पथदर्शी मोजणी केली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची 'स्वामित्व' योजना जाहीर झाली.

मोजणीपूर्वी मिळकतींच्या हद्दींवर चुन्याच्या रेषा आखतात. ठरावीक उंचीवरून ड्रोन समांतर फेऱ्या मारतो आणि एकमेकांवर बऱ्याच प्रमाणात येणारी शेकडो छायाचित्रे टिपतो. ती जुळवून, जमिनीवरील नियंत्रण बिंदूंशी ताडून, मोजमाप घेता येईल असा नकाशा तयार होतो. खरी मेख मात्र वेगळीच आहे. कॅमेऱ्याला छप्पर दिसते, भिंत दिसत नाही! वळचण शेजाऱ्याच्या हद्दीत झुकलेली असेल, किंवा वर चिंचेचा विस्तार असेल, तर टेप घेऊन जागेवरच जावे लागते. घर कोणाचे, हे तर कोणतेच छायाचित्र सांगत नाही. ते चौकशी अधिकाऱ्यापुढील कागदपत्रांवर आणि शेजाऱ्यांच्या जबाबावर ठरते. त्यानंतरच सनद आणि मिळकत पत्रिका हाती पडते. नोकरीनिमित्त शहरात राहणाऱ्यांनी मोजणीच्या दिवशी गावी हजर राहणे म्हणूनच हिताचे.

या व्यवसायाला बळ मिळाले ते कॅमेऱ्यापेक्षा कायद्यामुळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उड्डाणांना मनाई केली होती. डिसेंबर २०१८ पासून ती नियमांच्या चौकटीत सुरू झाली. २०२१ च्या ड्रोन नियमांनी अर्जांची संख्या २५ वरून ५ वर आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर आणले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नकाशे बनविण्यावरील बंधने सैल झाली, तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने रस्त्यांच्या कामांचे दरमहा ड्रोन चित्रीकरण सक्तीचे केले. सरकारच मोठे गिऱ्हाईक झाल्यावर बाजार वाढणारच. मुंबई आयआयटीच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये स्थापन केलेली 'आयडियाफोर्ज' २०२३ मध्ये शेअर बाजारात उतरली.

लग्नसमारंभ आणि गृहप्रकल्पांच्या जाहिराती ही लहान व्यावसायिकांची नेहमीची कामे. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर वैमानिक प्रमाणपत्र लागते. विमानतळ परिसरात वेगळी परवानगी हवी, आणि मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघत असतात. छायाचित्रकाराशी व्यवहार ठरविताना ही कागदपत्रे आधी पाहून घ्यावीत.