टवेराची बातमी माझ्याकडे होती

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, एक डिझेल गाडी भेटायलीय. २०१४ चं मॉडेल हाय, दिल्ली पासिंग. एसी एक नंबर मारायलाय बगा. घ्यावं का नै, तेवढं सांगा."

गाडी कशासाठी हवी ते मला माहीत होतं. ताईचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यावं लागतं. दर वेळी भाड्याची गाडी करून पोरगा थकला. यंदाच्या सोयाबीनमधून जे हातात राहिलं, ते तो या गाडीत घालणार. म्हणजे ही हौसेची खरेदी नाही.

कंपनी कोणती विचारली, इंजिन कोणतं विचारलं, आणि मी जरा गप्पच झालो. गाडी त्या यादीतली होती. कोणती यादी, ते सांगण्यासाठीच आजची ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा, कारण आपल्या भागात सध्या अशा गाड्या बऱ्याच येत आहेत.

सुरुवात मात्र माझ्या एका चुकीपासून करतो.

जुलै २०१३. मी तेव्हा तालुका वार्ताहर. जनरल मोटर्स इंडिया कंपनीने १ लाख १४ हजार शेव्हर्ले टवेरा गाड्या परत बोलावल्याची बातमी आली. २००५ ते २०१३ या काळात बनलेल्या गाड्या. कारण काय, तर धुराच्या चाचणीत गडबड. मी बातमी वाचली आणि बाजूला ठेवली. मनात म्हटलं, ही दिल्ली-मुंबईची बातमी, आपल्या तालुक्याला काय करायची? त्या दिवशी मी बहुधा नळाला पाणी नाही म्हणून निघालेल्या मोर्चाची बातमी पाठवली असेल.

आता आठवून बघा. त्या काळात उमरीहून भोकर, नायगाव, धर्माबाद, कुठंही जायचं तर आपण कशात बसत होतो? जीपमध्ये, नाहीतर टवेरात. लग्नाचं वऱ्हाड टवेरात, तिरुपतीची ट्रिप टवेरात, रात्री-अपरात्री पेशंट नांदेडच्या डॉक्टर लेनला न्यायचा तर टवेरात. आमच्या दाजींचीच एक होती, सेकंड हँड घेतलेली. त्याच गाडीवर त्यांनी घर चालवलं आणि पोराला शिकवलं. त्या बातमीइतकी आपल्या तालुक्याची बातमी त्या वर्षी दुसरी नसेल, आणि मी ती चार ओळींतही दिली नाही.

झालं काय होतं? कंपनीनेच सरकारला लिहून कळवलं की आपल्या काही कर्मचाऱ्यांनी तपासणीत हातचलाखी केली. तपासणीला जी गाडी जायची, तिच्यात आधी तपासून ठेवलेलं, कमी धूर सोडणारं इंजिन बसवायचं. गाडीचं वजनही कमी दाखवायचं, कारण वजनावरून धुराची मर्यादा ठरते आणि हलक्या गटात गेलं की मोजमाप सोपं होतं. सोप्या भाषेत, परीक्षेला हुशार पोरगा बसवायचा आणि मार्कमेमो आपल्या पोराच्या नावाने घ्यायचा. सरकारने नितीन गोकर्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने या प्रकाराला कॉर्पोरेट फसवणूक म्हटलं. कंपनीने अधिकाऱ्यांना घरी पाठवलं, त्यात इंजिन विभागाचे जागतिक पातळीवरचे उपाध्यक्षही होते. २०१७ च्या अखेरीस या कंपनीने भारतात गाड्या विकणंच बंद केलं. पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना पुढे निर्यातीसाठी चालला, तोही डिसेंबर २०२० मध्ये थांबला. आता तो ह्युंदाईकडे आहे.

दाजींच्या टवेराचं काय झालं? काहीच नाही. दाजींनी ती गाडी स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. टीटी फॉर्मवर सही घेतली, पैसे दिले आणि चावी घेतली, तसं सगळेच करत होते. कागदावर मालक दुसराच. पत्र येणार असेल तर त्याच्या दारात येणार, दाजींच्या नाही. आणि पेपरात वाचून कळावं, तर पेपरवाला मेव्हणा मोर्चाच्या बातमीत गुंतलेला.

दुसरं प्रकरण याहून मोठं. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला नोटीस दिली. कंपनीने डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असं सॉफ्टवेअर टाकलं होतं की गाडी चाचणीच्या रोलरवर उभी आहे की रस्त्यावर पळते आहे, हे तिला कळायचं. चाकं फिरतात पण स्टेअरिंग हलत नाही, म्हणजे चाचणी चालू आहे. मग गाडी सभ्य व्हायची. रस्त्यावर आली की मूळ स्वभावावर. नायट्रोजन ऑक्साइड नावाचा विषारी वायू काही गाड्या मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. हे उघड झालं ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटामुळे. गाडीच्या डिकीत मोजणी यंत्र ठेवून त्यांनी रस्त्यावर हजारो मैल गाड्या पळवल्या. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि बंगळूरचा हेमंत कप्पन्ना, हे दोघे आपल्या देशातले.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं आपल्याला काय? तर हे बघा. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला. त्याच समूहातल्या स्कोडाचा कारखाना आपल्या मराठवाड्यात, संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. आणि भारतात गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्थाही पुण्यातलीच. म्हणजे गाडी बनवणारे आणि तपासणारे, दोघेही आपल्याच राज्यात. एआरएआयने रस्त्यावर मोजलं तेव्हा या गाड्यांचा धूर बीएस-४ च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलासाठी बोलावण्याचं जाहीर केलं. ईए-१८९ नावाचं डिझेल इंजिन असलेल्या, २००८ ते नोव्हेंबर २०१५ मधल्या फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी गाड्या. हीच ती यादी.

कंपनीचं म्हणणं होतं की भारतात रस्त्यावरच्या धुराला काही मर्यादाच ठरलेली नाही, प्रयोगशाळेतली मर्यादा आम्ही पाळली, मग नियम कुठे मोडला? गंमत अशी की त्या वेळच्या आपल्या नियमांत खरंच तशी फट होती. चोराला दोष द्यायचा, पण दार उघडं कुणी ठेवलं तेही विचारायला पाहिजे.

इथं पीयूसीचा विषय येतो. अनेकजण म्हणतात, माझ्याकडे पीयूसी आहे, गाडी स्वच्छ आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त काळ्या धुराची दाटी मोजतात. गाडी जागेवर उभी करून रेस करायची, नळीतून धूर बघायचा, झालं. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत. तो डोळ्याला दिसत नाही, पण छातीला कळतो. आणि काही ठिकाणी तर गाडी न जाता नुसता फोटो जातो आणि पीयूसी येते, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नुकसान कुणाला भरून मिळालं?

अमेरिकेत २०१६ मध्ये तडजोड झाली. घोटाळा उघड होण्याआधी गाडीची जी किंमत होती, त्या किमतीला कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि वर किमान ५,१०० डॉलर भरपाई दिली.

जर्मनीतला खटला आपण नीट वाचण्यासारखा आहे. तिथल्या एका माणसाने २०१४ मध्ये फोक्सवॅगनची शरान ही डिझेल गाडी सेकंड हँड घेतली होती. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. २५ मे २०२० ला न्यायालयाने निकाल दिला की गाडी परत द्या, पैसे परत घ्या. फक्त जेवढी चालवली तेवढी रक्कम वजा. म्हणजे सेकंड हँडवाल्यालाही न्याय मिळाला. पण दोनच महिन्यांनी, ३० जुलैला, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की सप्टेंबर २०१५ नंतर, म्हणजे घोटाळा जगजाहीर झाल्यावर ज्याने गाडी घेतली, त्याला भरपाई नाही.

हे वाक्य मी भाच्याला फोनवर दोनदा सांगितलं. बातमी छापून आल्यानंतर घेणाऱ्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. बातमी त्याच्यापर्यंत पोचली की नाही, हे कुणी विचारत नाही.

आणि भारतात? काही नागरिक राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले, त्यात एक शाळेतल्या शिक्षिका होत्या. लवादाने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये दिल्लीत या गाड्यांमुळे झालेल्या आरोग्याच्या नुकसानीचा आकडा १७१ कोटी ३४ लाख काढला. ७ मार्च २०१९ ला लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने कंपनीवरच्या सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. या सगळ्यात गाडीमालकाच्या खिशात काय आलं? एक सॉफ्टवेअर अपडेट.

एक गोष्ट मात्र बदलली. तोपर्यंत गाड्या परत बोलावणं ही कंपनीची मर्जी होती, कायद्याची सक्ती नव्हती. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सरकारला तो अधिकार दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना रस्त्यावरच्या धुराचीही मर्यादा पाळावी लागते. दोन घोटाळे झाल्यावर दाराला कडी बसली.

मग जुन्या गाड्या कुठे गेल्या? २०१२ मध्ये पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता, म्हणून लोकांनी डिझेल गाड्या घेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचं सरकारी नियंत्रण उठलं, फरक घटत गेला. २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुती, फोक्सवॅगन, स्कोडा यांनी डिझेल गाड्या थांबवल्या. त्यात दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार. तिथली गाडी स्वस्तात निघते, एनओसी घेते आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांत येते. महानगराने नाकारलेली गाडी खेड्यातल्या माणसाची पहिली गाडी होते. त्यात घेणाऱ्याची चूक नाही. ज्याला आठवड्यातून दोनदा आईला दवाखान्यात न्यायचंय, त्याने काय नवी गाडी घ्यावी?

म्हणून "घेऊ नको" असं मी म्हटलं नाही. एवढं सांगितलं:

एक, चेसीस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचार. रिकॉलचं काम झालंय का आणि गाडीची सर्व्हिस कुठे कुठे झाली, हे आधी कळू दे. एजंटच्या तोंडी शपथेवर विश्वास नको.

दोन, २०१४ च्या गाडीचं आरसी २०२९ पर्यंत. नंतर फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, त्याची कारची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० झालीय, आणि वर पर्यावरण कर. म्हणजे गाडीची किंमत अकरा-बारा वर्षांच्या गाडीची धर, नव्यासारख्या दिसणाऱ्या रंगाची नको.

तीन, दिल्ली पासिंग असेल तर इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागेल. तो आकडा नांदेड आरटीओत जाऊन आधी काढ, मग "स्वस्त" म्हण. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का तेही बघ.

चार, नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नको. तुझ्या बाबाने केलं ते करू नको.

चौथ्या गोष्टीवर तो थांबला. म्हणाला, "मामा, बाबाला तवा कळलं असतं का टवेराचं?"

मी म्हटलं, "कळलं असतं. बातमी माझ्याकडे होती."

तो काही बोलला नाही. "बरं, उद्या नांदेडला जाऊन विचारतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

दाजी आता नाहीत. गाडी कधीच भंगारात गेली. बारा वर्षांनी बातमी देऊन काय उपयोग, असं कुणी म्हणेल. पण त्या यादीतल्या गाड्या आजही आपल्या रस्त्यावर पळतायत, हात बदलतायत, आणि घेणारी पोरं मला फोन करतायत.

उमरी, भोकर, धर्माबाद, नायगाव भागात २०१३ च्या आसपास ज्यांच्याकडे टवेरा होती, त्यांनी कमेंटमध्ये लिहा: तुम्हाला रिकॉलचं पत्र आलं होतं का? गाडी नेली होती का? आणि सध्या कुणी जुनी डिझेल गाडी घ्यायच्या विचारात असेल, तर ही पोस्ट त्याला पाठवा. या वेळी तरी बातमी वेळेवर पोचू दे.