निक्कोची एक दिवसाची सहल : देवस्थान, विहार आणि डोंगर पाहताना काय लक्षात ठेवावे?

आपल्या समाजातील अनेक मुलेमुली आज शिक्षण आणि नोकरीसाठी जपानमध्ये आहेत. त्यांना भेटायला आईवडील गेले, की टोकियोहून खाजगी गाईड आणि गाडी घेऊन निक्कोची एक दिवसाची सहल ठरते. जपान हा बौद्ध देश, म्हणून तिथे दिसेल ते सर्व बौद्धच, असे आपण गृहीत धरतो. तसे नाही. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

तीन संस्था, एक परिसर

निक्को टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतात आहे. रेल्वेने किंवा मोटारीने जायला साधारण दोन तास लागतात. येथील तोशोगू आणि फुतारासान ही दोन शिंतो देवस्थाने आणि रिन्नोजी हा तेंदाई पंथाचा बौद्ध विहार मिळून 103 वास्तूंचा समूह 1999 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

परंपरेनुसार 766 साली शोदो शोनिन या भिक्खूंनी येथे पहिला विहार उभारला. तोशोगू त्यानंतर आठशेहून अधिक वर्षांनी, 1617 साली झाले. ते तोकुगावा इएयासू या शोगुनचे स्मारक-देवस्थान आहे. आजची भव्य बांधणी त्यांचा नातू इएमित्सू याने 1636 साली पूर्ण केली. योमेइमोन हे कोरीव दार, झोपलेले मांजर आणि तीन माकडे येथेच आहेत. आपल्याकडे ही माकडे गांधीजींच्या नावाने ओळखली जातात. इथे ती देवस्थानच्या घोड्याच्या तबेल्यावर कोरलेली असून माकडाच्या आयुष्याची गोष्ट सांगणाऱ्या आठ फलकांपैकी एका फलकावर आहेत.

देव आणि बुद्ध वेगळे कधी झाले?

कित्येक शतके जपानमध्ये शिंतो देव आणि बुद्ध एकाच आवारात पुजले गेले. स्थानिक देव हे बुद्धांचेच रूप आहे, असे मानले जाई. इएयासूलाही भैषज्यगुरु बुद्धाचे रूप ठरवण्यात आले. आपल्याकडे बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणून गिळण्याचा प्रयत्न झाला. तिथे दिशा उलटी होती. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. सत्ताधाऱ्याला देवत्व द्यायचे असले, की धर्माचा आधार घेतला जातो.

1868 साली मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा आदेश काढला. त्या लाटेत जपानभर अनेक विहार उद्ध्वस्त झाले, मूर्ती फोडल्या गेल्या. निक्कोच्या वास्तू वाचल्या, पण 1871 साली त्यांची तीन संस्थांत वाटणी झाली. तरीही तोशोगूच्या दाराशी पाचमजली पॅगोडा आजही उभा आहे. गाईडला तो दाखवून विचारा, शिंतो देवस्थानात पॅगोडा कसा? चांगला गाईड इथूनच खरा इतिहास सांगू लागतो.

डोंगर, धबधबा आणि एक प्रश्न

दुपारी गाडी इरोहाझाका घाटाने चढते. जाण्यायेण्याचे रस्ते वेगळे असून वळणे मिळून 48 आहेत. जपानी लिपीची जुनी अक्षरमाला ज्या ‘इरोहा’ कवितेतून शिकवली जाई, तिचे नाव घाटाला आहे. त्या कवितेचा आशय अनित्यतेचा आहे. आपल्याकडे अंत्यविधीला म्हटल्या जाणाऱ्या अनित्यतेच्या गाथेशी तिचे नाते परंपरेने जोडले जाते. वर 97 मीटरचा केगॉन धबधबा आहे. केगॉन म्हणजे अवतंसक सूत्र. पुढे चुझेन्जी तलाव आणि 2,486 मीटर उंचीचा नानताई पर्वत.

याच पर्वतावर 1872 पर्यंत स्त्रियांना बंदी होती. गुराढोरांना आणि घोड्यांनाही होती. घाटाच्या पायथ्याशी ‘उमागाएशी’, म्हणजे ‘घोडे परत फिरवण्याची जागा’, हे नाव अजून टिकून आहे. महाप्रजापती गौतमीला संघात स्थान देणाऱ्या बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या ठिकाणी हे घडले, हे आपण झाकून ठेवू नये. बंदी कुठल्याही धर्माच्या डोंगरावर असो, ती बंदीच.

आज निक्को शहराच्याच हद्दीत असलेल्या अशिओ येथे तांब्याची खाण होती. तिच्या धुराने डोंगर बोडके झाले आणि वातारासे नदीकाठच्या शेतात विष गेले. शेतकऱ्यांसाठी लढणारे तानाका शोझो यांनी 1901 साली खासदारकी सोडून थेट सम्राटापुढे अर्ज नेण्याचा प्रयत्न केला. सहलीत हे ठिकाण सहसा नसते, पण माहीत असावे.

नमस्कार करावा का?

हा प्रश्न बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांत हमखास निघतो. शिंतो देवस्थानात दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकतात. पर्यटकाला त्याची सक्ती नाही. आमचे मत असे की पाहणे म्हणजे पूजा नव्हे. शांत उभे राहावे, नियम पाळावेत. रिन्नोजीच्या सानबुत्सुदोमध्ये तीन भव्य सोनेरी मूर्ती आहेत. तिथे टाळ्या न वाजवता हात जोडतात.

ठरवताना

- 2018 पासून जपानमध्ये परवाना नसलेल्यालाही पैसे घेऊन गाईडचे काम करता येते. म्हणून सरकारी परवाना आहे का, हे आधी विचारा.
- भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला हिरवी नंबरप्लेट लागते. पांढऱ्या प्लेटच्या स्वतःच्या गाडीतून पैसे घेऊन फिरवणे बेकायदेशीर आहे.
- प्रवेशशुल्क, टोल आणि जेवण दरात धरले आहे का, हे लेखी घ्या.
- तोशोगूत पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघे दुखणाऱ्यांना गाईडने आधीच सांगायला हवे.
- ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानगळीचे रंग पाहायला गर्दी होते आणि घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात. पहाटे निघा.

डोळे दिपवणारे कोरीवकाम सगळेच पाहतात. ते कोणी, कशासाठी उभारले आणि कोणाला बाहेर ठेवले, हेही विचारत पाहिले, तर एका दिवसाची सहल सार्थकी लागेल.