ब्रॉड स्ट्रीटचा नकाशा व इतिहासाचा पुरावा

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जिला सर्वत्र जी. आय्. एस्. या आद्याक्षरांनीं ओळखतात ती विद्या, हिच्यावर अलीकडे जाहीर व्याख्यानें पुष्कळ होऊं लागलीं आहेत. त्यांपैकीं कांहीं आम्हीं ऐकलीं. पाणीपुरवठा, रोगराई, पिकें, शहरांची वाढ अशा नाना विषयांत या प्रणालीचा उपयोग कसा होतो, हें वक्ते पडद्यावर रंगीत नकाशे दाखवून सांगतात आणि श्रोत्यांस तें पटतें. आम्हांसही पुष्कळसें पटलें. परंतु या व्याख्यानांचा आरंभ बहुधा ज्या एका गोष्टीनें होतो, ती गोष्ट जशी सांगितली जाते तशी घडलेली नाहीं. आणि तिच्यांतील चूक आमच्या संशोधनासही बाधक होण्याचा संभव असल्यामुळें येथें तिचा विचार करण्याचें योजिलें आहे.

ती गोष्ट अशी. इ. स. १८५४ त लंडनच्या सोहो भागांत पटकीची सांथ उद्भवली. डॉ. जॉन स्नो यांनीं प्रत्येक मृत्यूची जागा नकाशावर काळ्या रेघेनें मांडली. त्या रेघा ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोंवतीं दाटलेल्या दिसल्या. त्यावरून रोग पाण्यांत आहे हें त्यांनीं ओळखलें, पंपाचा दांडा काढविला आणि सांथ थांबली. सारांश, नकाशानें पाहिलें तें डोळ्यांना दिसलें नव्हतें, असें श्रोत्यांच्या मनावर ठसविलें जातें.

स्नो यांचेंच लेखन पाहतां क्रम निराळा दिसतो. पटकी दूषित पाण्यावाटे पसरते हें मत त्यांनीं १८४९ तच एका पुस्तिकेंत प्रसिद्ध केलें होतें. तेव्हां सोहोंत ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्रीं सांथीनें उग्र रूप धारण केलें, त्या वेळीं पंपाविषयींचा संशय त्यांच्या मनांत आधींच होता. तो नकाशांतून उपजला नाहीं. त्यांनीं सरकारी नोंदणी कचेरींतून मृतांची यादी मिळविली. तींतील ८३ मृत्यू त्यांनीं तपासासाठीं घेतले. मग ते स्वतः घरोघरीं जाऊन कोण कोठलें पाणी पीत होतें याची चौकशी करूं लागले. केवळ दहा मृत्यू असे निघाले कीं ज्यांच्या घरास दुसरा पंप जवळ होता. त्यांपैकीं पांच घरचीं माणसें तरीही ब्रॉड स्ट्रीटचेंच पाणी आणवीत, आणि आणखी तीन मुलें त्या पंपाजवळच्या शाळेंत जात. एवढें हातीं आल्यावर ७ सप्टेंबरला त्यांनीं स्थानिक मंडळापुढें म्हणणें मांडलें व दुसऱ्या दिवशीं दांडा काढण्यांत आला. नकाशा छापून प्रसिद्ध झाला तो १८५५ त. सांथ दांड्यामुळेंच थांबली असेंही म्हणतां येत नाहीं. लोक त्या वस्तींतून पळून गेले होते व सांथ ओसरूं लागली होती, हें खुद्द स्नो यांनींच प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे.

याहून बोधक गोष्ट व्याख्यानांत ऐकूं येत नाहीं. त्याच मृत्यूंचा नकाशा स्नो यांच्या आधीं, सप्टेंबर १८५४ तच, लंडनच्या गटारखात्याचे अभियंते एडमंड कूपर यांनीं काढला होता. १६६५ च्या प्लेगांत प्रेतें पुरलेली जागा नव्या गटारांनीं उकरली गेल्यामुळें सांथ आली, अशी लोकांची ओरड होती. तिचें निराकरण करणें हा कूपर यांचा हेतु होता आणि तेवढेंच त्यांस त्यांत दिसलें. पुढें आरोग्यमंडळाच्या समितीनेंही नकाशा छापला व दोष दूषित हवेचा ठरवून स्नो यांचें मत अमान्य केलें. गल्ल्या त्याच, सांथ तीच. मात्र निष्कर्ष तीन.

मग स्नो यांचा पक्ष खरा ठरला तो कशानें? आमच्या मतें, मुख्यतः नकाशाच्या नियमास न जुमानणाऱ्या माणसांनीं. पंपाच्या अगदीं जवळ मद्याचा एक कारखाना होता. तेथें सत्तरांहून अधिक कामगार असूनही पटकीनें कोणी मेलें नाहीं. त्यांस कारखान्याची बिअर मिळे व ते पंपाच्या पाण्यास शिवत नसत. जवळच्या निराश्रितगृहांत ५३५ माणसें होतीं, त्यांत मृत्यू अवघे पांच. तेथें स्वतःची विहीर होती. उलट हॅम्पस्टेडसारख्या दूरच्या भागांत, जेथें त्या वेळीं पटकी नव्हती, तेथें एक विधवा बाई मेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि त्या पाण्याची गोडी लागल्यामुळें रोज बाटली भरून आणवीत असे. ही बाई नकाशावर पंपाजवळ कोठेंही नाहीं. ती सांपडली ती विचारपूस केल्यानें. तसेंच हेन्री व्हाइटहेड या पाद्र्याचें. तो प्रथम स्नो यांचें मत खोडण्यास निघाला होता. घरोघरच्या ओळखीमुळें त्यास ४० क्रमांकाच्या घरांतील आजारी तान्ह्या मुलाचा पत्ता लागला. त्या मुलाचीं दुपटीं धुतलेलें पाणी घराच्या शौचकूपांत टाकलें जाई आणि तो शौचकूप पंपाच्या विहिरीस अगदीं लागून होता.

नकाशाचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. स्नो यांच्या दुसऱ्या नकाशांत एक तुटक रेघ आहे. तिच्या आंतील घरांस ब्रॉड स्ट्रीटचा पंप इतर पंपांपेक्षां जवळ होता. आणि हें अंतर दोरी लावून सरळ न घेतां गल्ल्यांतून चालत जाण्याचें घेतलें आहे. ही कल्पना खरोखर मोठी आहे.

राहिला या विद्येच्या कुळाचा प्रश्न. संगणकावरील पहिली मोठी प्रणाली १९६० नंतरच्या दशकांत कॅनडांत रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकारानें उभी राहिली, ती रोगासाठीं नव्हे. कोणती जमीन शेतीस, कोणती अरण्यास योग्य, याची देशभर मोजदाद करण्यासाठीं. म्हणजे तिचें नातें सोहोच्या पंपापेक्षां आपल्याकडे १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या पैमाशीशीं व जमिनीच्या प्रतबंदीशीं अधिक जवळचें आहे. वक्त्यांनीं हें सांगितल्यास श्रोत्यांस विषय परका वाटणार नाहीं.

आतां आमच्या चिंतेचा विषय. अशाच एका व्याख्यानांत ही प्रणाली ऐतिहासिक वाटा शोधून देईल असें सांगण्यांत आलें, आणि उदाहरण घेतलें तें पन्हाळा ते विशाळगड या वाटेचें. १२ जुलै १६६० च्या रात्रीं शिवाजी महाराज सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून निघाले व दुसऱ्या दिवशीं विशाळगडास पोंचले. बाजीप्रभूंनीं ज्या घोडखिंडींत देह ठेविला, तीच आज पावनखिंड म्हणून दाखविली जाणारी जागा काय, याविषयीं शंका घेतली गेली आहे. दोन गडांमधील सरळ अंतर सुमारें ४० किलोमीटर. चालण्याची वाट याहून बरीच लांब. संगणक चढउतारांचा हिशेब करून सर्वांत कमी श्रमाची वाट काढतो आणि पडद्यावर एक बारीक तांबडी रेघ उमटते.

ती रेघ कशावर उभी आहे? पुष्कळदां इ. स. २००० च्या फेब्रुवारींत अवकाशयानांतून रडारनें घेतलेल्या उंचीच्या मापांवर. त्यांची एकेक चौकट निदान तीस मीटर लांबीरुंदीची, आणि तेवढ्या जागेस उंची एकच. मोजकीं माणसें जिचें तोंड अडवूं शकतात अशी अरुंद खिंड त्या चौकटींत विरून जाते! शिवाय भर आषाढांतील ओढे, चिखल, काळोख व त्या काळचें रान यांस किती श्रम धरावे, हा आंकडा संगणकास माणूसच देतो. आंकडा बदलतां रेघ सरकते. कमी श्रमाची वाट हीच पळणाऱ्याची वाट, हें तर मुळांतच संशयास्पद; ज्यास पाठलाग चुकवावयाचा आहे तो अवघड वाटही धरील. एकदां ही रेघ ग्रंथांत छापली गेली कीं पुढील लेखक तिचाच पुरावा म्हणून उल्लेख करूं लागतील, ही आमची भीति आहे.

म्हणून अशा प्रत्येक नकाशासोबत कोणतें स्थान कोणत्या कागदावरून घेतलें, कोणतें परंपरेवरून व कोणतें अनुमानानें, हें निरनिराळ्या खुणांनीं दाखवावें आणि श्रमाचे आंकडेही छापावे, असें आम्ही सुचवितों. तसेंच पन्हाळा व विशाळगड यांमधील गांवांच्या ज्या सभासदांजवळ इनामाचे, सीमेच्या तंट्याचे अथवा जकातीचे मोडी कागद असतील, त्यांनीं त्यांतील वाटा, उतार, पाणवठे व खिंडी यांचे उल्लेख तेवढे उतरून मंडळाकडे पाठवावे.