पिन लावली, तरी टक्का हलत नाही: लॅपटॉप चार्जिंगचा छोटा इतिहास

मे महिन्यातली सेलूची दुपार. चार्जर लावलाय, पण टक्का जागचा हलत नाही. ‘बॅटरी गेली’ म्हणत वर्धा-नागपूर गाठण्याआधी थोडा इतिहास ऐका.

१९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. हलकी, पण नाजूक. त्यामुळे ती थेट विजेला जोडत नाहीत. मधलं सर्किट व्होल्टेज, करंट, तापमान बघतं आणि मगच चार्जिंग होऊ देतं.

पुढे ही चौकशी ॲडॉप्टरपर्यंत गेली. डेलच्या गोल पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते. ॲडॉप्टर किती वॅटचा, हे तिच्यातून लॅपटॉपला कळतं. तिची तार तुटली, तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही.

२०१४ मध्ये टाइप-सी आलं. आता चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलून व्होल्टेज ठरवतात. मोबाइलचा १८ वॅटचा चार्जर बसतो खरा, पण ६५ वॅटची भूक त्यानं भागत नाही.

आणि आपलं ऊन! या बॅटरीला साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचं असतं. तापलेला लॅपटॉप चार्जिंग थांबवतो, तो बिघाड नव्हे.

म्हणजे बरेचदा लॅपटॉप बिघडलेला नसतो, तो नकार देत असतो. आधी तो थंड होऊ द्या. ॲडॉप्टरवरचे वॅट वाचा. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लागली आहे का, बघा. दुसरी केबल लावून बघा. बॅटरी फुगली असेल, तर मात्र लगेच बंद करा आणि दुकान गाठा. नाहीतर नवीन बॅटरीचा खर्च सगळ्यात शेवटी.